सकाळी सहाचा ‘जय हिंद’: फौजी काका आणि त्यांचा ग्रुप

गाडीवर असाल तर इयरफोन काढा, एपिसोड कुठं पळून जात नाही. घरी पोहोचून ऐका.

मी बोलतोय नांदगाव पेठवरून. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की आमचं गाव लागतं. एमआयडीसीतले कापडाचे कारखाने, वीज केंद्राची उंच चिमणी आणि रात्रभर चालू असलेला हायवे. मी इथूनच घरून काम करतो, सॉफ्टवेअरचं. आपण इथं नेहमी ॲप, नोकरी, इंटरव्ह्यू यावर बोलतो. आजचा विषयही फोनमधलाच आहे, पण फोन आपला नाही, आपल्या घरातल्या मोठ्यांचा आहे. त्यातही फौजेतून रिटायर झालेल्यांचा.

तुमच्या घरात, गल्लीत एखादे फौजी काका असतील तर त्यांचा व्हॉट्सॲप एकदा आठवा. सकाळी पावणेसहापासून टिंग-टिंग सुरू. तिरंग्याचा फोटो, त्यावर गुलाब, खाली ‘जय हिंद साहब’. मग दुसऱ्याचा ‘राम राम’. तिसऱ्याचा उगवता सूर्य. शंभर माणसं, शंभर गुलाब. आपली पिढी यावर मीम बनवते. फोनचं स्टोरेज भरलं की पहिली शिवी या गुलाबांनाच बसते.

आज मला या गुलाबांबद्दल बोलायचं आहे. माझ्या धंद्यात याच्यासारखीच एक गोष्ट रोज वापरली जाते आणि तिच्याशिवाय कुठलीच मोठी सिस्टीम टिकत नाही. तिच्यावर येतो. आधी फौजीचं रिटायर होणं म्हणजे काय, ते समजून घेऊ.

चाळिशीतली रिटायरमेंट

आपल्या डोक्यात रिटायर माणूस म्हणजे साठीचा, नातवाला शाळेत सोडणारा. फौजेत तसं नसतं. सैन्यदलांतून दरवर्षी साधारण ६० हजार माणसं निवृत्त होतात आणि त्यातले बरेचसे जवान पस्तीस ते पन्नासच्या मधले असतात. जवानाला १५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन लागू होते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला पोरगा चाळीस-बेचाळीसचा होऊन घरी येतो. पोरं शाळेत, आईबाप थकलेले, वावर भावाच्या ताब्यात, आणि पुढं अजून तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य.

ज्या पलटणीत तो वीस-बावीस वर्षं राहिला, तिथं एकटं असणं ही गोष्टच नव्हती. उठणं सोबत, पीटी सोबत, लंगरची रांग सोबत, बर्फातली ड्युटी सोबत. तिथं दहा माणसांचं सेक्शन असतं, तीन सेक्शनची प्लाटून, आणि इन्फंट्रीची कंपनी म्हणजे साधारण सव्वाशे माणसं. सव्वाशेपैकी प्रत्येकाला माहीत असतं की कोणाच्या घरी म्हैस व्यालीय, कोणाच्या बायकोचं पत्र आलं नाही, आणि कोण झोपेत ओरडतो. मग एके दिवशी निरोपाचा बडाखाना होतो, गळ्यात हार पडतो, काळी ट्रंक रेल्वेत चढते आणि नागपूर-बडनेऱ्याला माणूस उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेचारला जाग येते. उठून जायचं कुठं?

अमेरिकन पत्रकार सेबास्टियन युंगर यांचं ‘ट्राइब’ नावाचं छोटं पुस्तक आहे, २०१६ चं. त्यांचा मुद्दा असा, की घरी परतलेल्या सैनिकाला युद्धाच्या आठवणी त्रास देतात हे खरं, पण बऱ्याच जणांना त्या जवळिकीचं तुटणंही तितकंच जड जातं. तिकडची फौज वेगळी, इकडची वेगळी. तरी ही गोष्ट नांदगाव पेठलाही दिसते.

आमच्या गल्लीतले काका

आमच्या गल्लीत एक काका आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगितलं, ‘माह्यं नाव घेऊ नको, बाकी काय सांगाचं ते सांग.’ महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून २०१४ साली घरी आले. तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो, ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. नाव महार असलं तरी आज तिच्यात देशभरातल्या सगळ्या समाजांची माणसं असतात. त्यामुळं काकांचे जिगरी दोस्त कोणी गढवालचा, कोणी बंगालचा, कोणी साताऱ्याचा.

घरी आल्यावर दोन एकर कापूस आणि रात्री एमआयडीसीत गेटवर ड्युटी. पैशाची फार अडचण नव्हती. अडचण बोलायची होती. पारावर बसलं की विषय कापसाचा भाव, पाणी, नाहीतर राजकारण. काका म्हणायचे, ‘मी पोस्ट म्हनलो का लोकाईले पोस्ट ऑफिस वाटे.’ लंगर, स्टँड टू, फॉलिन हे शब्द वीस वर्षांत त्यांच्या जिभेचे झाले होते आणि गावात एकालाही ते कळत नव्हते. काकू हसून सांगायच्या, ‘पयले दोन वर्स तं घरात पाव्हना आल्यासारखंच वाटे.’

२०१७ मध्ये पोरानं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. महिनाभरात साताऱ्याच्या दोस्तानं नंबर शोधून काढला आणि काकांना कंपनीच्या ग्रुपमध्ये ॲड केलं. काकांना टाइप करायला जमत नव्हतं, म्हणून व्हॉइस नोट. पहिल्याच व्हॉइस नोटला तीस-पस्तीस उत्तरं आली. त्यातलं एक होतं, ‘अरे, तू अभी भी नाक से बोलता है!’ काका मला हे सांगताना आजही हसतात.

वेळ पाहा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा इतका स्वस्त झाला की वावरात बसलेल्या माणसालाही व्हिडिओ कॉल परवडू लागला. त्याच वर्षी व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली. म्हणजे सव्वाशेची कंपनी पहिल्यांदाच एका ग्रुपमध्ये आरामात मावू लागली. कोणी तसं ठरवून केलं नव्हतं. पण आकडा बरोबर बसला आणि देशभर विखुरलेल्या कंपन्या फोनवर पुन्हा उभ्या राहिल्या.

हार्टबीट

आता माझ्या धंद्याकडे येतो. समजा एखादं पेमेंट ॲप आहे. त्याच्या मागं एक कॉम्प्युटर नसतो, शेकडो असतात. त्यातला एखादा बंद पडला तर बाकीच्यांना कसं कळणार? बंद पडलेला कॉम्प्युटर ‘मी बंद पडलो’ असं सांगू शकत नाही ना. म्हणून नियम असा, की प्रत्येकानं दर काही सेकंदांनी एक छोटासा मेसेज पाठवायचा. आम्ही त्याला ‘हार्टबीट’ म्हणतो. हृदयाचा ठोका. त्या मेसेजमध्ये काही नवीन नसतं. ‘आहे’, एवढंच. तो आला की कोणी बघत नाही. तो आला नाही की मात्र अलार्म वाजतो आणि माझ्यासारख्याला रात्री अडीचला उठावं लागतं.

सकाळी सहाचा गुलाब म्हणजे हाच हार्टबीट आहे. म्हणून तो रोज तोच असला तरी चालतो. आणि फौजींना हे मी शिकवायची गरज नाही. त्यांच्याकडे त्याला आधीपासून शब्द आहे, रोल कॉल.

काकांच्या ग्रुपमध्ये हे अगदी पद्धतशीर चालतं. जुन्या सेक्शनप्रमाणे माणसं वाटून घेतली आहेत. प्रत्येक उस्तादाकडे आठ-दहा जण. नऊ वाजेपर्यंत ज्याचा जय हिंद आला नाही, त्याला फोन जातो. फोन उचलला नाही तर घरच्यांना. घरच्यांचाही लागला नाही तर जवळ राहणारा कोण आहे ते बघायचं. ग्रुपच्या माहितीत प्रत्येकाचा जिल्हा आणि तालुका लिहून ठेवला आहे.

मे २०२१. दुसरी लाट. काकू गेल्या. त्या दिवसांत काय परिस्थिती होती ते तुम्हाला सांगायला नको. अंत्यविधीला चार माणसं. नंतर काका खोलीत बसले ते बसलेच. जेवण नाही, बोलणं नाही. पोरगा पुण्यात अडकलेला, सून घाबरलेली. फोन चार्जिंगला लावायचंही कोणाला सुचलं नाही.

ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी काकांचा जय हिंद आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेचा नंबर मिळवला, सगळं कळलं. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून एक दोस्त पास काढून मोटरसायकलवर आला. नव्वदेक किलोमीटर. मास्क लावून अंगणात, लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला. तासभर काहीच बोलला नाही. मग दारातून फौजी आवाजात म्हणाला, ‘उठ बे. दाढी कर. फॉलिन हाय.’

काका उठले. दाढी केली. अंगणात आले आणि तिथं पहिल्यांदा रडले.

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना समजावलं होतं. ‘धीर धरा’, ‘देवाची मर्जी’, ‘पोरांकडे पाहा’. सगळं चांगल्या मनानं. पण ‘दाढी कर’ हे वाक्य बोलायचा अधिकार एकाच माणसाकडे होता. पुढं चाळीस दिवस त्या सेक्शननं रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. विषय काय? लंगरमध्ये कोण जास्त पुऱ्या खायचा.

ज्यानं भोगलं, त्यानंच सांगावं

मेजर देवेंदर पाल सिंग हे नाव काहींनी ऐकलं असेल. कारगिल युद्धात, १५ जुलै १९९९ ला, तोफगोळ्यानं ते इतके जखमी झाले की त्यांना मृत समजलं गेलं होतं. वाचले, पण उजवा पाय गेला. पुढं कृत्रिम पायावर हाफ मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये त्यांनी ‘द चॅलेंजिंग वन्स’ हा अवयव गमावलेल्या लोकांचा गट सुरू केला. यामागचा विचार साधा आहे. पाय गेलेल्या माणसाला डॉक्टर सांगतो ‘तू चालशील’, तेव्हा तो मान हलवतो. पाय गेलेलाच दुसरा माणूस समोर चालत येतो, तेव्हा तो विश्वास ठेवतो.

आपल्या नाशिकजवळ देवळालीत नाईक दीपचंद राहतात. मूळचे हरियाणाचे, तोफखान्यातले, कारगिल लढलेले. नंतर ऑपरेशन पराक्रमच्या काळातल्या स्फोटात दोन्ही पाय आणि एक हात गमावला. त्यांनीही जखमी सैनिकांसाठी संस्था उभी केली. सगळीकडे तोच धागा दिसतो. मदत सरकारकडून, घरच्यांकडून येतेच. पण उठून बसायला लावणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच कोणीतरी असतो.

हे व्हॉट्सॲपनं सुरू केलं नाही

हे सगळं मोबाइलमुळं झालं असं वाटत असेल तर थोडं मागं जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोकणात दापोलीला फौजेतून पेन्शनवर आलेल्या लोकांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथंच राहिले. तिथंच गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार होते. त्या काळात इंग्रजांनी महार समाजाची फौजेतली भरती बंद केली. काय झालं असेल विचार करा. ज्या नोकरीनं शिक्षण दिलं, पगार दिला, गावात मान वर करायची हिंमत दिली, तिचं दार पुढच्या पिढीसाठी बंद.

वलंगकरांनी काय केलं? पेन्शनर मंडळींना जोडून अनार्य दोष परिहारक मंडळ काढलं. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांत लिहिलं. आणि १८९० च्या दशकात भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारसाठी विनंतीअर्ज तयार केला. अर्ज लगेच मान्य झाला नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. मग १९४१. म्हणजे आमच्या काकांची पलटण उभी राहण्यामागं कितीतरी रिटायर लोकांची चिकाटी आहे. त्यांच्याकडे ग्रुप नव्हता. वस्ती होती, टपाल होतं आणि छापील कागद होता.

आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे वन रँक वन पेन्शन. २०१५ च्या जूनपासून माजी सैनिक दिल्लीत जंतर-मंतरवर बसले आणि ५ सप्टेंबर २०१५ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. त्यांच्या मागण्यांवर दोन मतं असू शकतात. पण रिटायर झालेला माणूस एकटा असला की त्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पेन्शन आली नाही तो महिना

ग्रुपचा रोजचा उपयोग सगळ्यात जास्त कुठं होतो? कागदपत्रांत. पूर्वी फौजीची पेन्शन बँक काढायची. आता ती ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन सिस्टीममधून थेट खात्यात येते. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो झाला नाही की पेन्शन थांबते. सिस्टीमच्या बाजूनं बघितलं तर हाही एक हार्टबीटच, वर्षातून एकदा.

एप्रिल २०२२ ची पेन्शन ५८,२७५ जणांच्या खात्यात वेळेवर आली नाही. कारण त्यांचं वार्षिक ओळखीचं काम झाल्याची खात्री बँकांकडून मिळाली नव्हती. बातम्या झाल्या, मग संरक्षण मंत्रालयानं एकवेळची सवलत म्हणून पैसे सोडले आणि ओळख पूर्ण करायला २५ मेपर्यंत मुदत दिली. आपल्याला ही एक बातमी. पण खेड्यात एकटी राहणारी सत्तर वर्षांची फौजीची विधवा डोळ्यासमोर आणा. तिला पोर्टल म्हणजे काय तेच माहीत नाही. पहिली तारीख गेली, पैसे नाही.

त्या महिन्यात काकांच्या ग्रुपमध्ये गुलाब कमी आणि व्हॉइस नोट जास्त होत्या. ‘पहले आधारवाला ॲप डालो, फिर जीवन प्रमाण खोलो, चश्मा उतारो, उजेडात उभे राहा.’ अर्धी हिंदी, अर्धी मराठी. युजरला समजेल अशी मदत कशी लिहावी यावर आम्ही ऑफिसात तासन्‌तास मीटिंग करतो. ही व्हॉइस नोट त्यापेक्षा सरस होती, खरं सांगतो. गेलेल्या साथीदारांच्या बायकांची यादीही त्यांनी केली आणि प्रत्येकीच्या घरी जवळचा एकेक जण पाठवला.

दुसरी बाजू

सगळं गोड आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. या ग्रुपमध्ये खोट्या बातम्या भरपूर फिरतात. निवडणूक आली की दोस्त दोस्ताला ब्लॉक करतो. काही ग्रुप संध्याकाळनंतर फक्त दारूच्या फोटोंवर चालतात. काही जण तिथंच इतके रमतात की घरातल्यांशी बोलणं बंद होतं. आणि अधिकाऱ्यांचा ग्रुप वेगळा, जवानांचा वेगळा, ही रेघ फोनमध्येही तशीच आहे.

गुप्ततेचा प्रश्नही आहे. जुलै २०२० मध्ये लष्करानं सेवेतल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. रिटायर माणसाला ते बंधन नाही. पण त्याचा भाचा अजून नोकरीत असतो, आणि ‘भाच्याची पलटण आता अमुक ठिकाणी’ असं कौतुकानं लिहिलं जातं. हे लिहायचं नसतं.

आणि फसवणूक. फौजी माणूस फौजीवर लगेच विश्वास ठेवतो, हे चोरांनाही कळलं आहे. प्रोफाइलवर वर्दीतला फोटो लावून ‘बदली झाली, गाडी स्वस्तात विकायची’ ही जुनी युक्ती. नवीन म्हणजे ‘तुमचा हयातीचा दाखला संपतोय, ही फाइल उघडा’. उघडली की फोन दुसऱ्याच्या हातात.

तुम्ही काय करू शकता

या रविवारी अर्धा तास काढा.

एक, घरातल्या, शेजारच्या फौजीच्या फोनला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून द्या. पिन कागदावर लिहून ट्रंकेत ठेवा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा सुभेदार मेजर म्हणाला तरी नाही.

दोन, फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा. गुलाब येऊ द्या, स्टोरेज वाचेल. ग्रुप मात्र डिलीट करू नका.

तीन, हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून घरबसल्या होतो. शेवटचा कधी केला ते विचारा, तारीख कॅलेंडरवर लिहा. अडलं तर अमरावतीला, अकोल्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

चार, कोणी ग्रुपमध्ये नसेल तर त्यांना विचारा, ‘काका, तुमची पलटण कोणती? कंपनी कोणती?’ एक जुना नंबर सापडला की बाकीचे सापडतात.

पाच, कोणी फार गप्प झालं असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलतात. ग्रुप कितीही चांगला असला तरी तो डॉक्टर नाही.

काकांना मी हा एपिसोड पाठवण्याआधी वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. ‘पुऱ्या मीच जास्त खात होतो, ते टाक.’ टाकलं, काका.

तुमच्या घरातल्या फौजीची पलटण कोणती, आणि त्यांचा ग्रुप सकाळी किती वाजता जागा होतो, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये काही ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, जय हिंद.